येरळेकाठची अमेरिकन मोटार

१९६४ सालच्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मुंबईत अडतिसावी आंतरराष्ट्रीय युखॅरिस्टिक काँग्रेस भरली. तिच्यासाठी पोप सहावे पॉल आले. भारतभूमीवर पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. त्यांच्यासाठी अमेरिकन भाविकांनी दिलेली पांढरी शुभ्र लिंकन कॉन्टिनेंटल मोटार मुंबईत आणण्यात आली होती. परत जाताना पोपमहोदयांनी ती मदर तेरेसांच्या स्वाधीन केली. मदरनी तिची सोडत काढली आणि त्यातून आलेला पैसा कुष्ठरुग्णांच्या शांतिनगर वसाहतीच्या कामी लावला. ही हकिकत आपल्या घराघरांतून सांगितली जाते. वस्तूचे मोल तिच्या झळाळीवर ठरत नाही, तिने कोणाचे कोणते काम केले यावर ते ठरते, हा तिच्यातील बोध आहे.

त्या एका मोटारीची कथा प्रसिद्ध झाली. पण आपल्या देशात हजारो अमेरिकन मोटारी आल्या, राबल्या, थकल्या आणि गोठ्याशेजारच्या छपरात जाऊन उभ्या राहिल्या. त्यांची कथा फारशी कोणी लिहिली नाही. आज अशा जुन्या गाड्या घरच्या घरी, मुलाबाळांना हाताशी घेऊन पुन्हा उभ्या करण्याची हौस वाढते आहे. ही हौस चांगलीच आहे. मात्र गाडी पुन्हा उभी करताना एक प्रश्न पडतो, आणि तो यंत्राचा नाही, इतिहासाचा आहे. तो समजण्यासाठी अमेरिकन मोटार आपल्या खेड्यापाड्यांत कशी आली आणि येथे तिचे काय झाले, हे आधी पाहिले पाहिजे. त्यासाठी मुंबईहून सातारा जिल्ह्यातील वडूजकडे वळू या.

रेल्वे नसलेला मुलूख

वडूज हे खटाव तालुक्याचे ठाणे, येरळा नदीच्या काठी वसलेले. ९ सप्टेंबर १९४२ रोजी येथील कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे व त्यांच्या साथीदारांनी प्राण दिले; महाराष्ट्र वडूजला ओळखतो तो या हौतात्म्यामुळे. पण या गावाची आणखी एक ओळख अशी, की येथे कधी रेल्वे आली नाही. पुण्याहून मिरजेकडे जाणारा लोहमार्ग पश्चिमेकडून कोरेगाव, रहिमतपूर असा निघून गेला. खटाव-माणचा कमी पावसाचा मुलूख बैलगाडीवर राहिला आणि पुढे मोटारीवर विसंबला.

ही मोटार बहुधा अमेरिकन असे, आणि ते योगायोगाने घडले नव्हते. इंग्लंडात त्या काळी मोटारीवरचा कर इंजिनाच्या सिलिंडरच्या व्यासावरून आकारला जाई. म्हणून तेथील कारखानदार लहान इंजिनाच्या, गुळगुळीत रस्त्यांवर शोभणाऱ्या गाड्या करीत. अमेरिकेतला शेतकरी चिखलाच्या वाटेने बाजाराला जात होता. त्याच्यासाठी केलेली गाडी जमिनीपासून उंच, दणकट आणि भरपूर ताकदीची असे. फोर्डची मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीवर निघाली, ती याच गुणांवर. आयोवातील शेतकऱ्याची वाट आणि माणदेशातील गाडीवाट यांत मोटारीच्या दृष्टीने फारसे अंतर नव्हते.

फोर्डने १९२६ मध्ये भारतात आपली कंपनी स्थापन केली. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे कारखाना काढून शेवरोलेट गाड्यांची जुळणी सुरू केली. पेट्यांतून सुटे भाग येत आणि शिवडीतून पूर्ण गाडी बाहेर पडे. पुष्कळदा तर नुसती चासीच विकली जाई. तिच्यावर लाकडी सांगाडा आणि पत्र्याचे टप येथले सुतार-लोहार चढवीत. अशा गाडीला आपले लोक ‘सर्व्हिस मोटार’ म्हणत. माणसे, टपाल, भाजीच्या पाट्या आणि कोंबड्या यांसह ती गावोगाव फिरे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले, तेव्हा मागे लोखंडी भट्टी बसवून कोळशाच्या गॅसवरही मोटारी चालविल्या गेल्या. अमेरिकन गाडीला देशी अवयव जोडण्याची परंपरा इतकी जुनी आहे.

युद्ध संपल्यावर लष्कराच्या जीपगाड्या व ट्रक डिस्पोजलमध्ये विकले गेले. १ जून १९४८ रोजी नगरहून पुण्याला राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. सुरुवातीच्या त्या ताफ्यात बेडफर्ड, लेलँड या इंग्लिश गाड्यांबरोबर शेवरोलेट, फोर्ड, स्टुडबेकर या अमेरिकन गाड्याही होत्या. एस.टी. वाढली तसा खाजगी सर्व्हिस मोटारींचा काळ सरला.

कंपनी गेली, गाडी राहिली

स्वातंत्र्यानंतर सरकारने मोटारधंद्यासाठी नवे धोरण ठरविले. परदेशी भाग आणून नुसती जुळणी करणाऱ्यांना येथे थारा नाही. ज्यांना टप्प्याटप्प्याने संपूर्ण गाडी भारतात बनवायची आहे, त्यांनीच राहावे. टॅरिफ कमिशनच्या १९५३ च्या शिफारशींनंतर फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी गाशा गुंडाळला. शिवडीचा कारखाना १९५४ मध्ये बंद पडला. मागे राहिली ती क्रायस्लर कंपनीच्या परवान्यावर चालणारी आपली प्रीमियर ऑटोमोबाइल्स. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ, डिसोटो या मोटारी आणि फार्गो ट्रक निघाले. पण लवकरच तिनेही फियाटची छोटी मोटार हाती घेतली आणि मोठ्या अमेरिकन मोटारींचे दिवस भरले.

कंपनी गेली म्हणून गाडी थांबत नाही. ज्याने तिच्यात कष्टाचा पैसा घातला, तो तिला चालवतोच. सुटे भाग मिळेनात तेव्हा ते घडविणे आले. या कामासाठी जुन्या सातारा जिल्ह्याची भूमी तयार होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली आणि लोखंडी नांगर ओतायला सुरुवात केली, तेव्हापासून ओतकाम आणि लेथ या भागात रुळले. १९४७ मध्ये सांगलीला अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. पुढे त्याला वालचंदांचेच नाव मिळाले. शाळेत न शिकलेले हातही कमी नव्हते. मोटारीचा लाकडी सांगाडा सुताराने ओळखला, कमानीचे पाटे लोहाराने, आसनाचे चामडे चर्मकाराने, छताचे कापड शिंप्याने. गळणाऱ्या रेडिएटरला डाग देण्याचे काम भांड्यांना कल्हई करणाऱ्याला काही नवे नव्हते. गावगाड्याचे जुने कारागीर अशा रीतीने डेट्रॉइटच्या गाडीभोवती गोळा झाले.

मग १९७२ चा दुष्काळ आला आणि त्याच्या पाठोपाठ १९७३ चे जागतिक तेलसंकट. सहा सिलिंडरच्या अमेरिकन गाडीची पेट्रोलची तहान खटाव-माणच्या संसाराला भागविता येण्यासारखी राहिली नाही. गॅरेजवाल्यांनी तोड काढली. मूळ पेट्रोल इंजिन उतरवायचे आणि त्या जागी पर्किन्सचे, किंवा पुढे बजाज टेम्पोच्या मॅटाडोरचे डिझेल इंजिन बसवायचे. डॉज, प्लिमथ, शेवरोलेट, जीप अशा असंख्य गाड्यांवर ही शस्त्रक्रिया झाली. तिचा खडखडाट वाढला, ऐट कमी झाली. पण ती चालत राहिली. तिने ऊस वाहिला, वऱ्हाडे नेली, अडलेल्या बाळंतिणीला तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचविले.

घरच्या पडवीतील कार्यशाळा

अशी एखादी गाडी पुन्हा उभी करायची म्हणजे घरात नेमके काय करावे लागते? पहिले काम उघडण्याचे नसून नोंदीचे आहे. प्रत्येक भाग उतरविण्यापूर्वी त्याचे छायाचित्र, प्रत्येक नट-बोल्टला पिशवी आणि पिशवीवर चिठ्ठी. हे काम मुलांना द्यावे. वर्षभराने गाडी पुन्हा जोडताना त्या चिठ्ठ्यांवाचून मोठ्यांचे पान हलत नाही, आणि काळजीपूर्वक केलेल्या लहान कामाचे महत्त्व मुलांना न सांगता कळते. नाझरेथच्या सुतारशाळेत संत योसेफाने बाळ येशूला काय शिकविले, हे शुभवर्तमान सांगत नाही. पण कोणत्याही कारागिराच्या घरी शिक्षणाची सुरुवात हत्यारे जागच्या जागी ठेवण्यापासून होते.

मग यंत्राची ओळख करून घ्यावी. १९५० च्या आसपासच्या डॉज-प्लिमथमध्ये सहा सिलिंडरचे, बाजूला व्हॉल्व्ह असलेले साधे इंजिन असे. बॅटरी बाराऐवजी सहा व्होल्टची, आणि तिचे धन टोक चासीला जोडलेले. आजच्या सवयीने ऋण टोक जोडले की डायनॅमो आणि ॲमीटरचे काम उलटे होऊन बसते. १९५३ पर्यंतच्या बहुतेक शेवरोलेट इंजिनांत कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग सुटे मिळत नसे. रॉडमध्येच व्हाइट मेटल ओतून ते घडवावे लागे आणि हाताने खरवडून बसवावे लागे. हे काम जाणणारे मिस्त्री आता बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या गाड्यांच्या पत्र्याखाली लाकडाचा सांगाडा असतो. पत्रा शाबूत दिसला तरी आत वाळवीने घर केलेले असते. तेथे आधी सुतार लागतो, मग पेंटर.

ब्रेककडे रंगाआधी पाहावे. प्लिमथला १९२८ पासून आणि शेवरोलेटला १९३६ पासून हायड्रॉलिक ब्रेक आहेत. त्यांतील रबरी वाट्या वर्षानुवर्षे उभ्या गाडीत कडक होऊन चिरतात. पेट्रोलच्या रबरी नळ्याही बदलल्या पाहिजेत. आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुने रबर ते सोसत नाही. गंमत अशी की, हे इथेनॉल सातारा-सांगलीच्या साखर कारखान्यांतूनही निघते. ज्या उसाच्या मोळ्या एके काळी या गाडीने वाहिल्या, तोच ऊस आता तिच्या टाकीत येऊन बसला आहे.

घरातील वृद्धांना या कामातून वगळू नये. मूळ रंग कोणता होता, पुढच्या दाराला पोचा कधी आला, मागचे आसन का काढले, हे कोणत्याही पुस्तिकेत सापडत नाही. अमेरिकन कंपनीची पुस्तिका गाडी कशी निघाली ते सांगते. ती कशी जगली ते आजी-आजोबाच सांगू शकतात.

कोणता भूतकाळ?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. समजा, वडूजच्या एका घरात १९५१ ची डॉज आहे. १९७० च्या दशकात तिचे पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल इंजिन बसविले. त्या डिझेल इंजिनावर घराने वीस वर्षे भाडी मारली, मुलांची शिक्षणे केली, मुलीचे लग्न लावले. आज नातू गाडी पुन्हा उभी करायला निघाला आहे. त्याला ती कुर्ल्याच्या कारखान्यातून निघाली तशी हवी. त्यासाठी तो मुंबईच्या चोरबाजारातून जुने सहा सिलिंडरचे इंजिन शोधून आणील. आजोबांना मात्र वाटते, ‘ज्या इंजिनाने घर चालविले, ते भंगारात घालायचे?’ दोघेही गाडीवरच प्रेम करतात. पण एकाला तिचा जन्म जपायचा आहे आणि दुसऱ्याला तिचे आयुष्य.

कायदा या वादात नातवाच्या बाजूने आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेले आणि मूळ स्वरूपात राखलेले खाजगी वाहन ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि फेरनोंदणीचे ५,००० रुपये. आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती व इंधन भरणे यांसाठी रस्त्यावर आणावी. रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी नाही. आणि मुख्य अट अशी की चासी, बॉडी वा इंजिन यांत बदल झालेला नसावा. म्हणजे जी गाडी कोणा श्रीमंताच्या मोटारखान्यात झाकून ठेवली होती, तिला मान आहे. जी दुष्काळातून तरून निघाली, तिला नाही.

नियम करणाऱ्यांना दोष देता येणार नाही. मूळपणाची काही तरी कसोटी ठेवली नाही, तर कोणतीही जोडतोड व्हिंटेज म्हणून पुढे येईल. परंतु कायद्याची कसोटी हीच आपली कसोटी मानायची का, हा विचार घराने करायचा आहे. आपल्या जुन्या चर्चमधील लाकडी वेदीवर पिढ्यांनी थरावर थर रंग दिलेला असतो. तो खरवडून मूळ लाकूड दाखवावे, की त्या पिढ्यांच्या भक्तीची खूण म्हणून काही थर राखावा, हा वाद पुष्कळ धर्मग्रामांना परिचित आहे. जाणकार मंडळी खरवडण्याआधी प्रत्येक थराची नोंद करतात. मोटारीलाही हाच न्याय लावावा.

देवराष्ट्रेची जीप

या संदर्भात जुन्या सातारा जिल्ह्यातीलच एक अलीकडची घटना आठवते. या जिल्ह्याचा दक्षिण भाग १९४९ मध्ये वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्या सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव आहे. तेथील दत्तात्रय लोहार या कारागिराने मुलाच्या हट्टाखातर भंगारातले भाग जमवून घरीच एक छोटी जीप तयार केली. इंजिन दुचाकीचे, सुरू करायची तीही दुचाकीसारखी, पायाने किक मारून. खर्च सुमारे साठ हजार रुपये. तिचे चित्रीकरण देशभर पाहिले गेले. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्र यांनी लिहिले की, ही गाडी नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या अधिकारी ती थांबवतील. तिच्या बदल्यात आपण बोलेरो देऊ. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला नवी बोलेरो मिळाली, आणि त्यांनी घडविलेली जीप कंपनीने आपल्या संशोधन केंद्रात ठेवण्यासाठी घेतली.

या घटनेला इतिहासाची एक किनार आहे. महिंद्र कंपनीने मोटारधंद्यात पाऊल टाकले तेच मुळी अमेरिकेच्या विलीज जीपची भारतात जुळणी करून. ज्या जीपचे एक रूप अमेरिकेत १९६८ मध्ये बंद झाले, ते येथे पुढे कित्येक वर्षे निघत राहिले आणि खेड्यातल्या मुलांच्या मनात ‘गाडी’ म्हटली की तेच रूप उभे राहू लागले. देवराष्ट्रेच्या लोहाराने पत्र्यातून ठोकून काढले ते हेच रूप. कायद्याने जिला रस्ता नाकारला, तिला संशोधन केंद्राने जागा दिली. नियमांत न बसणाऱ्या गाडीलाही इतिहासात स्थान असू शकते, हे यावरून दिसते. मात्र त्यासाठी ती कोणी तरी मोडीत निघण्याआधी पाहावी लागते.

प्रत्येक घराला असा कद्रदान भेटणार नाही. म्हणून हे काम घरानेच करायचे आहे. नातवाने खुशाल मूळ इंजिन बसवावे. पण उतरविलेले डिझेल इंजिन भंगारवाल्याच्या काट्यावर चढवू नये. ते पुसून, तेल लावून, लाकडी ठोकळ्यांवर त्याच छपरात ठेवावे. चासीला मारलेली जादा छिद्रे आणि वितळजोड यांची मापे घ्यावीत, छायाचित्रे काढावीत. आणि एक वही घालावी. तिच्यात गाडी कधी घेतली, कोणाकडून, किती रुपयांना. इंजिन कोणत्या मिस्त्रीने बदलले, बेअरिंग कोणी ओतले, सांगाडा कोणत्या सुताराने धरला. कोणत्या साली ती कोणाच्या कामी आली, हे सारे नावानिशी लिहावे. कंपनीच्या पुस्तिकेत या नावांना जागा नव्हती आणि सरकारी दप्तरातही नाही.

हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही. १९७० च्या दशकात इंजिने बदलणारे हात आता सत्तरी-ऐंशीत आहेत. शिवाय हा प्रसंग जुन्या गाड्यांपुरता राहिलेला नाही. शेवरोलेट भारतात पुन्हा आली, पुण्याजवळ तळेगावला तिचा कारखानाही निघाला. पण २०१७ मध्ये कंपनीने येथील विक्री थांबविली. फोर्डने २०२१ मध्ये भारतातील उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. १९५४ मध्ये फोर्ड-शेवरोलेटवाल्यांसमोर जो प्रश्न होता, तोच आज नव्या शेवरोलेटच्या मालकांसमोर हळूहळू येऊन उभा राहतो आहे. त्या वेळी उत्तर देणारे लोहार, सुतार, कल्हईवाले आणि मिस्त्री गावात होते. त्यांची विद्या कागदावर उतरलेली नाही. ती त्यांच्या हातांत आहे, आणि त्यांच्या हाताखाली बसणाऱ्या मुलांच्या हातीच ती जाऊ शकते.